घाटात ओढण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये नेमका कोणता बदल करावा?

देवगडचा प्रवासी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. माझी गाडी १,२४८ सीसीची टर्बो डिझेल आहे. पुस्तिकेप्रमाणे ४,००० आरपीएमला ७५ पीएस (अश्वशक्ती) आणि २,००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअरचा साधा गिअरबॉक्स. आतापर्यंत १,४२,००० किलोमीटर झाले आहेत. महिन्यातून दोन-तीन वेळा तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा या मार्गाने कोल्हापूरला जाणे होते. आंब्याच्या दिवसांत मागची सीट पाडून पेट्याही नेतो.

सपाटीवर माझी काही तक्रार नाही. घाटात मात्र एखाद्या तीव्र वळणावर वेग पंधरा-वीसवर उतरला की दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलत नाही. पहिला टाकला तर इंजिन ओरडते आणि पुन्हा दुसरा टाकताच दम जातो. गेल्या मोसमात अशाच एका वळणावर मागून आलेल्या एसटीला माझ्यामुळे चढावर थांबावे लागले. शेजारी आई बसली होती. ती काही बोलली नाही, पण दाराच्या वरची मूठ तिने दोन्ही हातांनी धरली होती, आणि ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

मला चार सल्ले मिळाले आहेत. एकाने रीमॅप करून घे म्हटले. दुसऱ्याने याच इंजिनाच्या ९० पीएसच्या अवताराचा टर्बो बसवायला सांगितले. तिसरा कोल्ड एअर इनटेक आणि मोठा सायलेन्सर सुचवतो, तर चौथ्याच्या मते क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांकडे शक्ती देणारी शेवटची दातेरी जोडी, बदलून गिअर आखूड करावेत. साठ हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मला वेग वाढवायचा नाही, चढावर गाडी विश्वासाने ओढली पाहिजे एवढेच हवे आहे. तर सुरुवात कशापासून करावी?

पाचवा गिअर

रीमॅप. मी रत्नागिरीहून आंबा घाटाने नेहमी ये-जा करतो. माझ्याकडे दीड लिटरची टर्बो डिझेल आहे आणि तीन वर्षांपूर्वी मी तिचा पहिल्या टप्प्याचा, म्हणजे कोणताही भाग न बदलता केवळ ईसीएममधील (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील) आज्ञावली बदलणारा रीमॅप करून घेतला. टर्बो डिझेलमध्ये कंपनीने बरीच शिल्लक राखून ठेवलेली असते, त्यामुळे टॉर्क वीस ते पंचवीस टक्के वाढणे ही नेहमीची गोष्ट आहे. ट्रकला ओलांडताना जो फरक जाणवतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे. स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स मात्र घेऊ नका. त्यांपैकी बरेचसे रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) सेन्सर इंजिनाला जे सांगतो त्यातच फेरफार करतात, आणि मग इंजिन स्वतःला नकळत जास्त दाबाने डिझेल सोडत राहते.

रापण

माझी १.२ लिटर बिनटर्बोची पेट्रोल आहे. रीमॅपचा उपयोग होईल का?

पाचवा गिअर

रापण, खर्चाच्या मानाने फार थोडा होईल. बिनटर्बोच्या इंजिनात हवा वाढवण्याचे साधनच नसते, त्यामुळे नुसत्या मॅपने हाती येते ते थोडे इग्निशन टायमिंग आणि पेडलचा चटपटीतपणा. आपण ते पैसे टायर आणि ब्रेकवर खर्च करावेत.

जांभा

धागाकर्त्यांच्या प्रश्नात एक बारकावा आहे आणि पाचवा गिअर यांच्या उत्तरात तो सुटला आहे असे मला वाटते. म्हणून थोडे गणित मांडतो.

भरलेली गाडी दीड टनाची धरू आणि चढ बारा मीटरला एक मीटर धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने असा चढ चढायला, टायरचे घर्षण आणि गिअरबॉक्समधली घट मिळवूनसुद्धा, १८ पीएसच्या आसपास शक्ती पुरते. म्हणजे ७५ पीएसचे इंजिन घाटाला कमी पडते असे नाही. आता ती शक्ती कुठल्या आरपीएमला मिळते ते पाहू. २,००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर म्हणजे जवळजवळ ५४ पीएस होतात. पण १,४०० आरपीएमला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या (जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, अजून जागा झालेला नसतो. तिथे सव्वा लिटरचे डिझेल इंजिन ८० ते ९० न्यूटन मीटर देते असे धरले, तर हाती येतात फक्त १६ ते १८ पीएस. वळणावर आपली गाडी नेमकी याच जागी सापडते. तिला चढायला जेवढे लागते तेवढेच इंजिन देत असते, म्हणून वेग वाढवायला काही उरत नाही. सहाशे आरपीएमच्या अंतरात शक्ती तिप्पट होते, आणि आपली अडचण त्या सहाशेच्या अलीकडच्या काठावर आहे.

रीमॅपने डिझेल वाढवता येते, पण ते जाळायला हवा लागते. १,४०० आरपीएमला टर्बो फिरवण्याइतका एक्झॉस्टच निघत नसेल तर जादा डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडेल. म्हणून या इंजिनावर रीमॅपचा लाभ साधारण १,८०० च्या पुढे जाणवेल. पाचवा गिअर यांना ट्रक ओलांडताना तो जाणवतो यात नवल नाही, कारण तेव्हा इंजिन टर्बोच्या पूर्ण प्रभावात असते.

आता माझे दोन प्रश्न. २,००० आरपीएम ओलांडल्यावर तरी गाडी पूर्वीसारखी ओढते का? आणि गाडीला मूळ मापाचेच टायर आहेत का?

पाचवा गिअर

जांभा, आपले गणित मला मान्य आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. चांगला ट्यूनर टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या ॲक्चुएटरची आज्ञाही बदलतो. त्यामुळे माझ्या गाडीत टर्बो दीडशे-दोनशे आरपीएम आधी दाब धरू लागला, हे मी रोजच्या चढावर अनुभवतो.

जांभा

आपल्या गाडीचा टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा असणार. त्यातील पाती मिटवून कमी एक्झॉस्टवरही चाक वेगाने फिरवता येते, त्यामुळे मॅप बदलल्यावर खालच्या आरपीएमला फरक पडतो. धागाकर्त्यांच्या ७५ पीएसच्या इंजिनाचा टर्बो स्थिर जॉमेट्रीचा आहे. त्याला केवळ वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारी झडप, असते, आणि ते कमी आरपीएमला आधीच पूर्ण बंद असते. जे बंदच आहे ते मॅपने आणखी बंद करता येत नाही. याच इंजिनाच्या ९० पीएसच्या अवतारात व्हेरिएबल टर्बो आहे आणि तिथे २०० न्यूटन मीटरचा टॉर्क १,७५० आरपीएमलाच येतो. हा २५० आरपीएमचा फरक कागदावर लहान दिसतो, पण वळणातून बाहेर पडताना तोच कामाला येतो.

देवगडचा प्रवासी

मग तो ९० पीएसचा टर्बोच बसवणे योग्य नव्हे का?

जांभा, आपल्या प्रश्नांची उत्तरे देतो. दोन वर्षांपूर्वी १६५/८० आर १४ काढून मिश्रधातूच्या रिमांसह १९५/६५ आर १५ टायर घातले. आणि २,००० च्या पुढे गाडी ओढते, पण नवी असताना पाठ सीटला टेकवायची तशी आता ओढत नाही. पेट्या भरलेल्या असल्या की आरशात काळा धूरही दिसतो. वयोमानाने असे होत असेल असे मी धरून चाललो होतो.

वाशिष्ठी

चिपळूणला आमचे वडिलोपार्जित गॅरेज आहे आणि गेली अकरा वर्षे ते मी पाहते. दादा, आपण लिहिलेले शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. धूर आणि दम जाणे ही वयाची लक्षणे नव्हेत. आत गेलेली हवा कुठेतरी बाहेर पडते आहे, असे मला वाटते.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाड रबरी होज पाइप असतात. इतक्या किलोमीटरनंतर ते आतून तेल पिऊन मऊ पडतात आणि बाहेरच्या वळणावर किंवा क्लिपेच्या काठाला चिरतात. इंजिन आयडलला असताना ती चीर मिटलेली राहते. चढावर टर्बोने दाब भरला, पाइप फुगला, की ती उघडते आणि हवा बाहेर जाते. सेन्सरने मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचत नाही, डिझेल मात्र त्या हिशेबाने पडते, म्हणून धूर. इंजिन गार असताना बॉनेट उघडा आणि प्रत्येक पाइपाखालून हात फिरवा. जिथे तेलकट काळी माती चिकटलेली बोटांना लागेल तिथे पाइप दाबून वाकवून पाहा. नख आत जाईल अशी चीर सापडली तर तुमचे निम्मे काम तिथेच झाले. चढावर खिडक्या उघड्या ठेवून फुस्स असा आवाज येतो का तेही ऐका.

सोबत एअर फिल्टर काढून पाहा. जांभ्या दगडाची तांबडी धूळ घड्यांच्या तळाशी बसलेली असते आणि वरून फिल्टर स्वच्छ वाटतो, म्हणून तो उलटा करून आपटावा.

टर्बो बदलण्याविषयी सांगायचे तर नट-बोल्ट जुळले म्हणून काम होत नाही. व्हेरिएबल टर्बोची पाती हलवणारी यंत्रणा आपल्या गाडीच्या ईसीएमला ओळखीची नाही. ईसीएम, वायरिंग, मॅप असे एकामागून एक बदलत जावे लागते. भंगारातून आणलेला टर्बो किती झिजला आहे हे बसवल्यावरच कळते. आमच्याकडे असे काम घेऊन आलेल्यांना मी परत पाठवते.

तांबडी माती

वाशिष्ठीताईंशी सहमत. क्राउन-पिनियनविषयी मला थोडे सांगता येईल, कारण लांज्याला जुनी जीप मी स्वतः सांभाळली आहे. ४१ आणि १० दातांची जोडी असेल तर गुणोत्तर ४.१ होते, आणि जास्त आकड्याची जोडी घातली की सगळेच गिअर आखूड होतात. जीपमध्ये ती जोडी मागच्या ॲक्सलमध्ये असते, वेगळी मिळते आणि वेगळी बसते. धागाकर्त्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालते. तिथे ती जोडी गिअरबॉक्सच्या पोटातच असते, त्यामुळे बदलायची तर संपूर्ण बॉक्स उघडावा लागतो. शिवाय आखूड गिअरने मुंबई-गोवा महामार्गावर पाचव्यातही इंजिन चढ्या आरपीएमवर राहील आणि डिझेल जास्त लागेल.

टायरचे मात्र जांभा यांनी बरोबर पकडले. मोठ्या चाकाने गिअर आपोआप लांब होतात.

जांभा

हिशेब केला. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो आणि १९५/६५ आर १५ चा सुमारे ६३५. म्हणजे चाक २.४ टक्क्यांनी मोठे झाले. त्याच वेगाला जिथे २,००० आरपीएम मिळत होते तिथे आता १,९५३ मिळतात. एरवी याची दखलही कोणी घेतली नसती, पण टर्बोच्या उंबरठ्यावर पन्नास आरपीएमसुद्धा मोलाचे असतात. रुंद टायर आणि जड रिम फिरवण्याचे श्रम वेगळेच. मीटर दाखवतो त्यापेक्षा गाडी थोडी जास्त वेगाने जाते हेही लक्षात ठेवावे. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१ मिलिमीटर आहे, म्हणजे रिम तीच ठेवूनही मूळ मापाकडे परत जाता येईल. भार वाहण्याचा निर्देशांक मात्र मूळ टायरपेक्षा कमी नसावा, आपण पेट्या वाहता.

आंबोलीचे धुके

माझी गाडी पेट्रोल टर्बो आणि गिअरबॉक्स सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा. गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर. इंजिन मुळात १७५ देते, म्हणून मी रीमॅपने ते २३० पर्यंत नेले आणि कागदोपत्री सर्व मर्यादेत होते. गणपतीत सावंतवाडीकडून आंबोली घाट चढताना दोन तास रांगेत रांगत गेलो आणि गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. पावसात गाडी कडेला घेऊन अर्धा तास थांबावे लागले. चूक माझीच होती. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय मला होती, आणि त्याने क्लच सतत अर्धवट घासत राहतो. गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतो हे क्लच पूर्ण लागलेला असतानाचे माप असते. रांगताना सोसावी लागते ती उष्णता, आणि ती कुठल्याही आकड्यात लिहिलेली नसते.

त्यानंतर पुढची गाडी दहा-पंधरा फूट सरकेपर्यंत मी ब्रेक धरून थांबतो आणि मग एकदम पुढे जातो. पुन्हा तो इशारा आलेला नाही. ज्यांच्याकडे एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा साधा गिअरबॉक्स, आहे त्यांनाही हाच नियम लागू पडेल, आणि घाटात त्यांनी मॅन्युअलवर टाकून दुसरा धरून ठेवावा.

सागरवाट

गिअर ऑइलची जाडी वाढवल्याने काही फायदा होतो का? एका दुकानदाराने तसे सुचवले.

वाशिष्ठी

नाही. पुस्तिकेत जो दर्जा लिहिला आहे तोच घालावा. जाड तेलाने सकाळी गिअर अडखळतात आणि सिंक्रोनायझर रिंगवर ताण येतो.

कोल्ड एअर इनटेकचे राहिले. कोकणात हा बदल मी कोणालाही सुचवत नाही. त्यात हवा ओढणारे तोंड बंपरमागे खाली आणतात, आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यापासून ते हातभर उंचीवर येते. डिझेल इंजिनाने पाणी ओढले की पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत ओळीने उभ्या असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ज्यांनी किल्ली फिरवली नाही त्यांची इंजिने स्वच्छ करून पुन्हा चालू झाली. ज्यांनी फिरवून पाहिली त्यांतल्या एका गाडीचा रॉड अजून आमच्या फळीवर ठेवलेला आहे. नवीन मुलाला कामावर घेताना मी तो त्याच्या हातात देते.

सायलेन्सर बदलायचाच असेल तर साध्या लोखंडाचा घेऊ नये. खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत जोडाच्या वेल्डिंगपाशी तो भोक पाडून घेतो. पण या इंजिनाला त्याने घाटात काही मिळेल असे मला वाटत नाही.

सनद

कुडाळला वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीविना केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलले, इंधन बदलले तर तो बदल प्रमाणपत्रात थेट दिसतो. रीमॅप बाहेरून दिसत नाही, पण धूर मर्यादेबाहेर गेला तर पीयूसी मिळत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकतो. माझ्या अशिलांना मी एकच सांगतो, विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा.

पाचवा गिअर

सनद यांचे म्हणणे मी गांभीर्याने घेतो. रीमॅप करताना विम्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. या आठवड्यात कंपनीला पत्र पाठवतो.

धागाकर्त्यांना एक विनंती. पुढे कधी रीमॅप केलात तर आधी क्लचची परीक्षा घ्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर गाडी ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्यापेक्षा पुढे पळाला तर क्लच घसरतो आहे. माझा रीमॅपनंतर पाच महिन्यांत गेला, कारण झिजलेल्या प्लेटीवर मी पंचवीस टक्के ओझे वाढवले होते.

देवगडचा प्रवासी

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.

वाशिष्ठीताईंनी सांगितल्याप्रमाणे पाइपांखालून हात फिरवला. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या वळणावर बोटांना तेलकट चिखल लागला. तो पुसून पाइप वाकवला तेव्हा अंगठ्याच्या पेराहून लांब चीर ओठांसारखी उघडली आणि सोडताच मिटली. वरून पाहताना पाइप अगदी धडधाकट दिसत होता. दोन्ही होज आणि सर्व क्लिपा नव्या घातल्या. फिल्टर उलटा करून आपटला तर वर्तमानपत्रावर मूठभर तांबडी माती पडली.

पाइप बदलल्यावर दोन दिवसांनी क्लचची परीक्षा घेतली, आणि नवा दाब मिळताच काटा पळाला. इतके दिवस गळक्या पाइपामुळे टॉर्कच कमी पडत होता, म्हणून क्लचचा दोष झाकला गेला होता. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच कणकवलीला बसवून घेतला. टायर १८५/६५ चे घेतले. माझ्या ठरवलेल्या रकमेतले काही पैसे अजून शिल्लक आहेत.

परवा बारा पेट्या आणि आईला घेऊन करूळ घाट चढलो. ज्या वळणावर एसटी थांबली होती तिथे दुसऱ्या गिअरमध्ये १,६०० वर गाडी आली, क्षणभर थबकली आणि मग ओढू लागली. धूर नाही. पहिला गिअर संपूर्ण घाटात एकदाच लागला, समोरून ट्रक आल्यामुळे पूर्ण थांबलो तेव्हा. आईचे हात मांडीवर होते.

आता उरलेल्या पैशांत रीमॅप करावा का?

जांभा

मनापासून आनंद झाला. क्लच झाकला गेल्याचे आपले निरीक्षण फार महत्त्वाचे आहे. रीमॅप आधी केला असता तर आठवड्यात गाडी घाटात उभी राहिली असती.

तरीही करायचाच ठरवलात तर ट्यूनरला दोन अटी घाला. टॉर्क २२५ न्यूटन मीटरवर रोखावा, आणि १,८०० च्या खाली मूळ मॅपला हात लावू नये, कारण कमी आरपीएमवर सिलिंडरमधला दाब वाढवला की रॉड आणि बेअरिंगवर सर्वांत जास्त ताण येतो. आधी आणि नंतर डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून दोन्ही आलेख मागून घ्या. पण आपली अडचण १,४०० ते १,८०० या पट्ट्यातली होती आणि आता ती बरीचशी सुटली आहे. मी आपल्या जागी असतो तर ते पैसे ब्रेकवर घातले असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या हवेत आणि भरलेल्या गाडीने घाट उतरताना हा फरक पायाला जाणवतो.

पाचवा गिअर

या गाडीपुरते मी माझे पहिले मत मागे घेतो. रीमॅप पुढच्या मोसमापर्यंत थांबू शकतो.

देवगडचा प्रवासी

ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले हे मला आठवतच नाही, यातच उत्तर आले. उद्या गाडी देतो. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

वाशिष्ठी

दादा, एक राहिले. नवे रबर गरम-गार होऊन थोडे बसते, त्यामुळे हजार किलोमीटर झाल्यावर होजच्या चारही क्लिपा एकदा पुन्हा आवळून घ्या. इंजिन गार असताना, आणि पाना बेताने फिरवा. जास्त आवळली तर क्लिपेचा काठच पाइप कापतो.